सिस्टरचं उलटं बोलणं

आई गेल्या त्या दुपारी मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आईंच्याच मोबाइलवरून गावाच्या ग्रुपवर छोटासा निरोप टाकला. तो टाइप करत असताना मी त्याच्या शेजारी बसून होते. निरोप गेला आणि लगेच पहिलं उत्तर आलं, ‘सिस्टर, मागच्या वेळी फसलो. आता नाई फसत.’ त्याखाली हसणारा पिवळा चेहरा. मग पुंडलिकचं आलं, ‘चहा किती वाजता ठेवला?’ मिलिंद फोनकडे बघत राहिला, आणि सकाळपासून कोरडा बसलेला तो माणूस एकदम रडायला लागला... शेवटी मला माझ्या फोनवरून लिहावं लागलं, की ही मस्करी नाही, आई खरंच गेल्या, सकाळचा चहा घेऊन आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पुंडलिक आमच्याच गल्लीत सायकली दुरुस्त करतो. तो सगळ्यांच्या आधी दारात आला, पायरीवर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून म्हणाला, “मले काय मालूम जी, वहिनी...”

त्याचा काही दोष नव्हता. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत शब्दांवर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांनीच गावाला शिकवलं होतं. सुलोचनाबाई त्यांचं नाव, पण सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांचा सख्खा भाऊसुद्धा. त्या सरकारी नर्स. आयुष्यभर वर्धा जिल्ह्यातच नोकरी केली, आधी आर्वी तालुक्यातल्या खेड्यांत, मग रोहण्याला, शेवटी तळेगावला, आणि निवृत्तीनंतर पुलगावशेजारच्या आमच्या नाचणगावात स्थिरावल्या. या सगळ्या गावांत त्यांची ख्याती एकच, की सिस्टरच्या हाताला गुण आहे आणि जिभेला काटा. ताप अंगावर काढून आलेल्या माणसाला त्या म्हणायच्या, “आलात? अजून थोडे दिवस थांबले असते तं मीच आली असती तुमच्या घरी, तेरवीच्या जेवणाले.” असं म्हणता म्हणता सुई टोचून मोकळ्या झालेल्या असायच्या. सहावं बाळंतपण आलेल्या बाईच्या नवऱ्याला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, “भाऊ, तुम्ही गावाची शाळा बंद पडू देणार नाई, हे आम्हाले पटलं. आता आराम करा.” त्या माणसानं पुढच्याच आठवड्यात स्वतःची नसबंदी करून घेतली, असं तळेगावची माणसं अजून सांगतात.

मी नाशिकची. लग्न करून नाचणगावला आले तेव्हा मला हे बोलणं अजिबात कळायचं नाही. आमच्या घरी रागावले की रागावून बोलत आणि कौतुक वाटलं की गोड बोलत, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ऊन लागून आडवी झाले. इकडचं ऊन म्हणजे काय चीज असते ते मला माहीत नव्हतं, मी भरदुपारी पुलगावच्या बाजारात गेले होते. डोळे उघडले तेव्हा आई पलंगाशी उभ्या होत्या आणि मिलिंदला सांगत होत्या, “घे. नाशिकचं द्राक्ष वाळलं. आता याले मनुका म्हणजो.” मला इतकं लागलं ते... डोकं दुखत होतं, जीभ कोरडी पडली होती, आणि ही बाई मला मनुका म्हणत होती. संध्याकाळी माहेरी फोन करून मी माझ्या आईला सांगितलं, की माझी सासू कुजकट आहे. मिलिंदनं ते ऐकलं. तो चिडला नाही. माझ्याजवळ बसून म्हणाला, “सुजाता, आई काय बोलते ते ऐकू नको. बोलताना तिचे हात काय करतात ते पाहत जा.” मग माझ्या लक्षात आलं, की दुपारपासून माझ्या कपाळावरचं ओलं फडकं एकदाही सुकलेलं नव्हतं. कैरीच्या पन्ह्याचा पेला रिकामा झाला की भरलेला असायचा. पायाच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळलेला होता. ती बाई सबंध दुपार माझ्या पायाशी बसून होती आणि तोंडानं मला मनुका म्हणत होती.

त्या दिवसापासून मी त्यांचे हात पाहायला शिकले, आणि मग मला त्या बोलण्याची गोडी लागली. मी पुलगावच्या शाळेत शिकवते. शाळेतून आले की त्या दिवसभराचं बोलणं राखून ठेवल्यासारखं माझ्यापुढे मांडायच्या. कोणाच्याही पाठीमागे बोलायच्या नाहीत, जे म्हणायचं ते त्या माणसाच्या तोंडावर म्हणून आलेल्या असायच्या. मोठ्यातल्या मोठ्या माणसाला सोडायच्या नाहीत, पण गरिबाच्या गरिबीवर, बाईच्या वांझपणावर, कोणाच्या रंगावर किंवा जातीवर त्यांच्या तोंडून कधी शब्द गेला नाही. तेवढं त्यांचं कुंपण पक्कं होतं. त्यांनी स्वतः लहानपणी ते सगळं ऐकलं होतं.

मग घरात स्मार्टफोन आले. माझी मुलगी तन्वी बारावीत असताना तिनं आजीला फोन शिकवला आणि गावाच्या ग्रुपवर घातलं. आईंना वाटलं, बोलायला नवा ओटा मिळाला. आमच्या गल्लीतली नाली तुंबली तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘अभिनंदन. आपल्या गल्लीत नवीन तलाव झाला आहे. कोणाकडे नाव असल्यास कळवावे.’ तर एका पंचायत सदस्यानं हात जोडून आभार मानले आणि अशीच विकासकामं यापुढेही होतील असं आश्वासन दिलं. एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, तलाव नेमका कुठे आहे, फोटो काढायचे आहेत. आई रात्रीच्या जेवणापर्यंत हसत होत्या. पण हसता हसता मध्येच म्हणाल्या, “हे लोक मले ओळखून राह्यले ना? मंग त्याहिले कळत काऊन नाई?”

याहून मोठा गोंधळ गेल्या हिवाळ्यातला. आईंचा गुडघा सुजला आणि त्या घरात अडकल्या. येणारी-जाणारी माणसं कमी झाली. त्या कंटाळल्या आणि एका सकाळी त्यांनी ग्रुपवर निवेदन टाकलं. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते, की येथील निवृत्त सिस्टर सुलोचनाबाई...’ फोनवर दिसत होतं ते एवढंच. उरलेलं वाचायला बोट लावावं लागायचं, आणि ते कोणी लावलं नाही. पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘अजूनही जिवंत आहेत. गुडघ्यामुळे बाहेर पडता येत नाही. इच्छुकांनी भेटायला यावे. चहा मिळेल. साखर ज्याची त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी.’ पाहता पाहता ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजल्या आल्या. कोणी त्यांचा जुना फोटो शोधून त्याच्याभोवती दिवे लावून पाठवला. मी शाळेत निघाले होते तर फाटकाशी बायका डोळ्याला पदर लावून येताना दिसल्या, आणि त्यांच्यामागे पुंडलिक, हातात झेंडूचा हार. आई अंगणात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना पाहून एक बाई किंचाळलीच. आईंनी शांतपणे पुंडलिककडे हात केला. “हार आणला? दे इकडं. फुलं ताजी हायेत, काऊन वाया घालवतं?” आणि तो हार त्यांनी स्वतःच गळ्यात घालून घेतला. मग जे हसू फुटलं ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. मी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले, कारण सगळ्यांचा चहा मला करावा लागला.

पण उलटं बोलणं दर वेळी चहावर निभावत नाही. ते त्याआधीच्या वर्षी आम्ही पाहिलं होतं. तन्वीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते आजीकडे बघूनच. पुण्याला एका खोलीत मैत्रिणीसोबत राहून ती वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करायची. तिचं आणि आजीचं फोनवर लिहिणं सतत चाले, आणि दोघींचा गोंधळही. एकदा आजीच्या कुठल्याशा विनोदावर तन्वीनं ‘मेले मी’ असं लिहून पुढे कवटीचं चित्र टाकलं. आई हातातला पोळपाट टाकून ओरडल्या, “मिलिंद, पोट्टीले फोन लाव!” आजकालची मुलं फार हसू आलं की असं लिहितात, हे समजायला त्यांना वेळ लागला. “हसली तं हसली म्हणावं ना,” त्या म्हणाल्या. “मढ्याची कवटी काऊन पाठवते?”

तन्वी दुसऱ्यांदाही त्या परीक्षेत मागे पडली. तिनं घरच्या ग्रुपवर एका ओळीत कळवलं. त्या ग्रुपवर काका, मामा, सगळी भावंडं. आम्ही सगळे काय लिहावं या विचारात असताना आईंचा निरोप पडला. ‘छान झालं. देशातले पेशंट वाचले.’

आईंच्या तोंडून, डोक्यावर हात ठेवून, हेच वाक्य आलं असतं तर तन्वी त्यांच्या कुशीत शिरून रडली असती आणि मोकळी झाली असती. पण ती पुण्यात एकटी होती आणि तिच्यासमोर फक्त फोनची काच होती. तिनं ग्रुप सोडला. आजीचे फोन घेणं बंद केलं. मी समजावलं तर मला म्हणाली, “आई, आम्ही पण एकमेकांची टर उडवतो. पण आमच्यात ते कळतं, शेवटी एखादं हसरं चित्र टाकलेलं असतं. आजीच्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो. पूर्णविराम म्हणजे राग.” मी हे आईंना सांगितलं. “पूर्णविराम नाई दिला तं मास्तर मारत होते मले,” त्या म्हणाल्या. त्यानंतर मात्र त्या त्या विषयावर बोलल्या नाहीत. फोन हातात घेऊन बसायच्या, काहीतरी लिहायच्या, पुसायच्या. घरात बोलणंच कमी झालं त्यांचं. दिवाळीला तन्वी आली नाही. अभ्यास आहे म्हणाली... आईंनी फराळाचा डबा भरला आणि झाकण लावता लावता मला विचारलं, “पुण्याची गाडी कधी हाय?”

आम्ही दोघी गेलो. वर्ध्याहून गाडीत बसल्यापासून आई खिडकीबाहेर बघत होत्या. तन्वीच्या खोलीत पोचलो तर ती खिडकीशी उभी राहिली, नमस्कार केला, पण जवळ आली नाही. खोलीभर पुस्तकं, कपडे, चहाचे कप. आईंनी सवयीनं नजर फिरवली आणि त्यांच्या तोंडून निघालंच, “राजवाडा हाय बापा...” आणि त्यांनी जीभ चावली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शब्द मागे घेताना पाहिलं. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि आम्हाला कोणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागल्या.

त्यांच्या पहिल्या नेमणुकीतलं होतं ते. नाल्यापलीकडचं खेडं, पावसाचे दिवस, आणि एक नवखी बाळंतीण. बाळ आलं, पण बाईचं रक्त थांबेना. नाल्याला पूर, गाडी पलीकडे उभी. आई तेव्हा तन्वीच्याच वयाच्या. जे शिकल्या होत्या ते सगळं त्या करत होत्या आणि तोंडानं त्या बाईला गोड बोलत होत्या. घाबरू नको राणी, काही होत नाही, सगळं ठीक आहे. “तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं,” आई म्हणाल्या, “अन् मले म्हणे, सिस्टर, तुम्ही एवढं गोड बोलून राह्यल्या, म्हणजे मी वाचत नाई ना? ... तिले समजलं होतं. ती गेली. बाळ वाचलं.”



“तवापासून मी पेशंटशी गोड बोलली नाई,” आई म्हणाल्या. “नर्स झापून राह्यली म्हणजे त्याले वाटते, आपलं काही मोठं नाई. तो मनात मले शिव्या देते, पण शिव्या द्यायले तरी जीव धरून ठेवते. तुह्या निकालाच्या दिवशी मले धाक पडला होता. एकटी पोट्टी, परगावी, काही करून घेईल का... माह्या हातात दुसरं काही नव्हतं. म्हणून तसं लिहिलं. तुले वाटलं आजी हसून राह्यली. मी पट्टी बांधून राह्यलती, बाई.”

तन्वी खिडकीपासून हलली. आजीच्या पायाशी खाली बसली. “मला कसं कळणार होतं, आजी?” ती म्हणाली. “माझ्याकडे तुझा आवाज नव्हता. नुसतं वाक्य होतं.”

“खरं हाय,” आई म्हणाल्या. “चुकलंच माह्यं. आता सरळ सांगते, ऐक.” आणि त्या थांबल्या. हजारो लोकांना सुया टोचलेली ती बाई दोन सरळ शब्द बोलायला इतकी अडखळली, की मलाच बघवेना. “तू... मले लई आवडते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर झाली तरी, अन् नाई झाली तरी. दोन्हीकडून सारखीच.” तन्वी आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मग ओल्या डोळ्यांनीच वर बघून म्हणाली, “आजी, हे तुझ्या तोंडून ऐकायला फार भयंकर वाटतंय. तू आपली बोलतेस तशीच बोल.” आईंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला! “मंग सांग,” त्या म्हणाल्या, “या खोलीत झाडू मारला तं पोलीस पकडते का?”

तन्वीनं पुढे तो नाद सोडला आणि नागपूरला फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. सुट्टीत आली की आजीच्या गुडघ्यावर सराव करायची आणि आजी हात लावायच्या आधीच ओरडायला सुरुवात करायची. पण मला जास्त सांगायचं आहे ते आईंनी स्वतःत केलेल्या बदलाबद्दल. पुण्याहून परत आल्यावर घरच्या ग्रुपवर त्यांचा प्रत्येक तिरकस निरोप एका ओळीनं संपायला लागला, ‘हे उलटं वाचावे.’ गावाच्या ग्रुपवरचं मात्र त्यांनी तसंच ठेवलं होतं. तो हाराचा प्रकार झाला आणि त्या रात्री, त्यांना पाहून किंचाळलेल्या त्या बाईला बोलावून, तिचा हात धरून माफी मागितल्यावर, त्यांनी गावालाही तीच ओळ लागू केली. चेष्टा करायची आणि खाली लिहायचं की ही चेष्टा होती, याच्यासारखी शिक्षा नाही, असं त्या म्हणायच्या. “पुरणपोळी वाढून सांगा, हे गोड हाय,” म्हणायच्या. तरी शेवटपर्यंत त्यांनी ती ओळ कधी चुकवली नाही. एकदा त्यांनी सरपंचांना वाढदिवसाच्या साध्या शुभेच्छा दिल्या, तर त्यांचा फोन आला, “सिस्टर, खाली काही लिहिलं नाई. म्हणजे हे सरळच हाय ना?” सत्तरी उलटलेल्या माणसानं आपली जन्माची भाषा कोणासाठी तरी बदलावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. माणसं म्हातारपणी हट्टी होतात. त्या शिकत होत्या.

मिलिंदनं टाकलेल्या त्या निरोपाखाली ती ओळ नव्हती. पण त्या दुपारी एवढं बारीक कोण बघतो...

आईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता काही आठवडे झाले. आमच्या पुढच्या पडवीत एक लांब बाक आहे. निवृत्तीनंतर आई तिथे सकाळी रक्तदाब तपासायचं यंत्र घेऊन बसायच्या आणि गल्लीतली माणसं रांगेनं येऊन झापून घ्यायची. त्या गेल्यावरही माणसं यायची थांबली नाहीत. सवयीनं येतात, बाकावर टेकतात, आतल्या दाराकडे बघतात. म्हणून शाळेत जाण्याआधी मी यंत्र घेऊन बसते. दंडाला पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं, त्यात काही विशेष नाही. परवा पुंडलिक आला. त्याचा आकडा फार वर गेलेला होता. पण मी मास्तरीण, नाशिकची. मला जे येतं ते मी केलं. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, “पुंडलिकभाऊ, काळजी करू नका हं. सगळं व्यवस्थित होईल. आज दवाखान्यात मात्र जाऊन या.”

पुंडलिकचा चेहरा पांढरा पडला. “वहिनी,” तो म्हणाला, “लई जास्त हाय का?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कौसल्याबाई बसल्या होत्या, पलीकडच्या घरातल्या, आईंच्या वयाच्या. त्यांनी तिकडूनच आवाज टाकला. “सिस्टर असती तं काय म्हणाली असती, मी सांगते. पुंडलिक, लोणचं नको सोडू बापा, दुनिया सोड.” मधे बसलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी मान हलवली. “अन् म्हणाली असती, सायकलीत भरता भरता हवा सोतातच भरली का?” “अन् हार मीच घेऊन येईन म्हणाली असती,” आणखी कोणीतरी म्हणालं, “तुह्यासारखा उधारीचा झेंडू नाई, गुलाबाचा.” पुंडलिक आधी कसानुसा हसला, मग खरंच हसायला लागला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते बाहीनं पुसले. दवाखान्यात आजच जातो, म्हणाला. सगळा बाक हसत होता. मीही.

सगळे शांत झाल्यावर मी त्याच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला.

“उतरलंय,” मी म्हणाले.

“उतरीन नाई तं काय,” कौसल्याबाई म्हणाल्या. “सिस्टरनं झापलं ना त्याले.”